तापल्यावर ओढ सोडणारी जुनी गाडी : दोषाचा शोध कसा घ्यावा

(वाहनांची देखभाल पाहणारे अधिकारी, तंत्रशिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी भरलेल्या अभ्यासवर्गातील भाषण)



मोटारीच्या यंत्रातील एका दोषासारखा विषय या अभ्यासवर्गात कशासाठी घेतला, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. गाडी दुरुस्त करणारे हात वेगळे असतात, हे खरे. परंतु दुरुस्तीच्या देयकावर सही करणारा अधिकारी, त्याच गाडीतून मुलांना क्रीडास्पर्धेला घेऊन जाणारा शिक्षक आणि रात्रीच्या वेळी आजाऱ्याला तालुक्याच्या रुग्णालयात हलविण्यासाठी कोणाची तरी जीप मागून आणणारा पंचायत सदस्य, या तिघांनाही त्या दोषाची किंमत मोजावी लागते. म्हणून आजचे बोलणे केवळ कारागिरांसाठी नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. केंद्र शासनाच्या जानेवारी २०२३ मधील अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. त्यामुळे कचेऱ्यांच्या आवारातील कार्बोरेटरच्या जीपगाड्या आता दिसेनाशा झाल्या आहेत. मात्र खाजगी वाहनाला मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ अन्वये, तपासणीत ते योग्य ठरल्यास, १५ वर्षांनंतरही पाच पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळू शकते. साहजिकच शेतकऱ्याच्या घरची जुनी जीप आणि निवृत्त गुरुजींची जपून ठेवलेली मोटार आजही आपल्या रस्त्यांवर धावत आहेत. शिवाय दहाबारा वर्षे राबलेली डिझेल वाहने शासकीय सेवेतही आहेतच. आजचा विषय या सर्व वाहनांचा आहे.

तक्रार नेहमीच एका साच्याची असते. सकाळी गाडी उत्तम चालते, पंधरावीस किलोमीटर गेल्यावर ती ओढेनाशी होते, चढावर दम टाकते, अखेर दुसऱ्या गिअरवर येते. बाजूला घेऊन अर्धा तास थांबले की पुन्हा पूर्ववत. दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात नेली जाते आणि रात्रभर थंड झालेल्या त्या गाडीत कारागिराला काहीही सापडत नाही. मग तो अनुभवाच्या आधारे एक भाग बदलतो. आठवड्याने गाडी पुन्हा तीच तक्रार घेऊन येते. पुन्हा दुसरा भाग. या पद्धतीने दोष कधी ना कधी सापडतोच, कारण बदलण्याजोगे सगळे भाग संपत येतात. परंतु तोवर देयकांची बेरीज गाडीच्या किमतीच्या जवळ गेलेली असते. जो दोष तापल्यावरच प्रकट होतो, त्याची परीक्षा तापलेल्या अवस्थेतच व्हावयास हवी. ही गोष्ट इतकी साधी आहे की ती कोणी करीत नाही.

आता 'गरम झाल्यावर' या शब्दांकडे जरा बारकाईने पाहू. चालक जेव्हा 'गरम झाल्यावर गाडी बसते' असे सांगतो, तेव्हा त्या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, यंत्राचे तापमान खरोखर वाढलेले असते. दोन, गाडी सुरू होऊन काही काळ लोटलेला असतो. तीन, त्या वेळेपर्यंत सपाट रस्ता संपून चढ लागलेला असतो, म्हणजे यंत्रावरचा भार वाढलेला असतो. उष्णता, काळ आणि भार या तिन्ही गोष्टी रस्त्यावर एकाच वेळी घडतात, म्हणून त्यांची गल्लत होते. त्यांना वेगवेगळे करणे ही निदानाची पहिली पायरी होय. गाडी आवारात उभी ठेवून अर्धा तास चालू ठेवली, तर यंत्र तापते पण भार पडत नाही. सकाळी थंड गाडी अल्पकाळ गरम करून लगेच चढावर घातली, तर भार पडतो पण काळ लोटलेला नसतो. या दोन प्रयोगांना एक छदामही लागत नाही आणि दोषाच्या शोधाचे क्षेत्र त्यामुळे निम्म्याहून कमी होते.

सर्वच शक्तिऱ्हास हा दोष नसतो, हेही ध्यानात ठेवावे. यंत्र हवेवर चालते, आणि तापलेली हवा विरळ असते. पहाटेच्या २० अंशांवरून दुपारच्या ४२ अंशांवर पारा गेला, तर हवेची घनता सुमारे सात टक्क्यांनी घटते. उंचीचाही असाच परिणाम होतो. टर्बो नसलेल्या यंत्राची शक्ती दर ३०० मीटर चढाईला सुमारे तीन टक्क्यांनी कमी होते. वैशाखातल्या दुपारी भरल्या गाडीने आंबोली चढताना ती सकाळसारखी ओढत नाही, यात गाडीचा काही अपराध नाही. चालकाला वाटणारा फरक जेव्हा याहून बराच मोठा असेल, किंवा सपाट रस्त्यावरही जाणवेल, तेव्हाच शोधाला लागावे.

शोधाची सुरुवात मात्र यंत्राचे झाकण उघडून करू नये. प्रथम प्रश्न असा विचारावा, की गाडी मंदावते तेव्हा यंत्राच्या आवाजाचे काय होते? आवाज चढतो, फेरे वाढतात, पण गाडी पुढे सरकत नाही, अशी स्थिती असेल तर यंत्र निर्दोष आहे आणि क्लच घसरत आहे. क्लचची झिजलेली तबकडी थंडीत पकड घेते आणि तापल्यावर सोडते. याची खात्री करण्यास कारखान्याचीही गरज पडत नाही.

आवाज एकसारखा आहे, कोठेही अडखळत नाही, तरीही गाडी जणू मागून कोणी धरून ठेवल्यासारखी जड झाली आहे, असे असेल तर माझा पहिला संशय ब्रेकवर जातो. या ठिकाणी मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण इतर सर्व दोष गाडी थांबवितात, परंतु हा एक दोष असा आहे की जो पुढे उतारावर गाडी थांबू देत नाही.

ब्रेकचे पेडल सोडल्यावर मास्टर सिलिंडरमधील एक बारीकसे छिद्र उघडे होते आणि नळ्यांतील तेलाला टाकीकडे परत जाण्यास वाट मिळते. पेडलला सुरुवातीची मोकळी हालचाल ठेवलेली नसेल, किंवा कोणी चुकीचे तेल घातल्याने आतला रबरी कप फुगला असेल, तर हे छिद्र झाकलेलेच राहते. थंड असताना काही कळत नाही. दहाबारा वेळा ब्रेक लावल्यावर तेल तापते, प्रसरण पावते आणि परत जाण्यास वाट नसल्याने लायनर ड्रमला टेकवून ठेवते. त्या घर्षणाने उष्णता आणखी वाढते, तेल आणखी फुगते आणि ब्रेक आणखी आवळले जातात. चालक ॲक्सिलरेटर दाबत राहतो व यंत्राला दोष देतो. अर्धा तास थांबल्यावर सारे थंड होते आणि गाडी सुटते. कारखान्यात कार्बोरेटर साफ होतो, प्लग बदलले जातात, आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

यातला धोका पुढे आहे. हलक्या प्रतीचे, म्हणजे डॉट ३ दर्जाचे ब्रेक तेल नवे असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. परंतु हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि ठराविक प्रमाणात पाणी मुरल्यानंतर त्याच्यासाठी मानकाने ठरविलेली किमान मर्यादा केवळ १४० अंशांची आहे. घाट चढताना आवळलेल्या ब्रेकने तापलेले असे जुने तेल घाट उतरताना उकळले, तर नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते पण चाकापर्यंत जोर पोचवीत नाही. पेडल तळाला जाते. 'चढावर गाडी ओढत नव्हती' ही तक्रार आणि 'उतारावर ब्रेक लागले नाहीत' हा अपघाताचा जबाब, या दोहोंचे मूळ एकच असू शकते, हे सही करणाऱ्या अधिकाऱ्यांनी विशेषत्वाने लक्षात ठेवावे.

परीक्षा सोपी आहे. गाडी जड झाली की ती सपाट जागी उभी करावी, गिअर मोकळा करावा, आणि दोघांनी ढकलून पाहावी. चाकांच्या ड्रमजवळ हाताची मागची बाजू नुसती न्यावी. ड्रमला स्पर्श करू नये, फोड येतील. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे तापलेले आढळेल किंवा चारही सारखी तापलेली आढळतील. नंतर इतर चाकांना लाकडाची ओट लावून एक चाक जॅकवर उचलावे, आणि ते फिरत नसेल तर त्या चाकाची हवा काढण्याची निप्पल किंचित सैल करावी. तेल जोराने उडाले आणि चाक मोकळे झाले, तर दाब अडकलेला होता, म्हणून मास्टर सिलिंडर व पेडलची मोकळी हालचाल तपासावी. एकाच चाकाचा प्रश्न असेल, तर त्या चाकाची रबरी नळी आतून फुगून बंद झालेली असते. अशी नळी तेल जाऊ देते पण परत येऊ देत नाही. निप्पल सैल करूनही चाक सुटले नाही, तर दोष लायनरच्या स्प्रिंगमध्ये किंवा हातब्रेकच्या तारेत आहे. हे सर्व गाडी तापलेली असतानाच पाहता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही चाके भिंगरीसारखी फिरतात.

क्लच आणि ब्रेक निर्दोष ठरल्यावर यंत्राकडे वळावे. येथेही कानाने बरेच काम होते. यंत्र झटके देत असेल, मध्येच फुटक्या आवाजात खोकत असेल, ज्याला आपले चालक 'मिसिंग' म्हणतात, तर ठिणगीचा संशय घ्यावा. झटका न देता शक्ती हळूहळू ओसरत असेल, ॲक्सिलरेटर सोडल्यास जराशी सावरत असेल, तर इंधन अपुरे पडत आहे असे समजावे. हा नियम अपवादरहित नाही, परंतु दहापैकी सातआठ वेळा तो योग्य दिशा दाखवितो.

इंधन अपुरे पडण्याचे एक कारण असे आहे की ज्याचा उष्णतेशी काडीचाही संबंध नाही, आणि तरी ते नेहमी उष्णतेच्या नावावर खपते. अनेक जुन्या गाड्यांत टाकीच्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असते. इंधन खर्च होते तशी तेवढी हवा आत यावी लागते. छिद्र बुजले की टाकीत पोकळी निर्माण होते आणि पंप ओढू शकत नाही. हे घडण्यास पंधरावीस मिनिटे लागतात, तेवढ्यात यंत्रही तापलेले असते, आणि दोष तापमानाच्या माथी मारला जातो. काही वर्षांपूर्वी एका ग्रामीण दवाखान्याची जीप माझ्याकडे आणली होती. तिची कॉइल नवी, पंप नवा, कार्बोरेटर दुसऱ्या गाडीचा. मी चालकाला सांगितले, की गाडी बसली की काही करू नका, फक्त टाकीचे झाकण उघडा आणि कान द्या. त्याने सांगितले की फुस्स असा आवाज आला आणि गाडी लगेच पळू लागली. मूळ झाकण हरवल्यावर बाजारातून आणलेल्या झाकणाला छिद्रच नव्हते. या छिद्रासाठी किती रुपये खर्च झाले, याचा हिशेब दवाखान्याने मला दाखविला नाही, आणि मीही मागितला नाही.

टाकीच्या तळाशी साठलेला गंज आणि कचराही असाच फसवितो. गाडी चालू असताना तो ओढल्या जाणाऱ्या इंधनाबरोबर नळीच्या तोंडाशी जमा होतो, गाडी बंद केली की खाली बसतो. म्हणून थांबल्यानंतर गाडी किती वेळात सुधारते, हा काळ घड्याळ लावून मोजावा. दोनतीन मिनिटांत सुधारली तर छिद्र, कचरा, गाळणी यांकडे पाहावे. वीस ते तीस मिनिटे लागली तर खरोखरच काहीतरी थंड व्हावे लागत आहे.

खऱ्या अर्थाने उष्णतेने होणाऱ्या दोषांत पेट्रोल गाड्यांची कॉइल व कंडेन्सर अग्रभागी येतात. तांब्याच्या तारेचा विद्युत्‌रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे कॉइल २५ अंशांवरून ९० अंशांवर गेली की रोध चतुर्थांशाने वाढतो आणि त्या प्रमाणात प्रवाह घटतो. चांगली कॉइल हे सहन करते. जुन्या कॉइलमधील वेष्टन मात्र उष्णतेत तडा घेते आणि ठिणगी आतल्या आत विरून जाते. कंडेन्सरचेही तसेच होते, आणि त्याचा परिणाम पॉइंटांवर जळाल्याच्या डागांनी दिसतो. परीक्षा अशी, की दोष प्रकट होताच, गाडी थंड होऊ न देता, खात्रीची दुसरी कॉइल तारांनी जोडून पाहावी. गाडी तत्काळ सुधारली तर उत्तर मिळाले. सुधारली नाही तर कॉइल निर्दोष ठरली आणि तिचे पैसे वाचले. कॉइल बदलताना थंड होण्यास अर्धा तास दिला, तर मात्र परीक्षेला काही अर्थ उरत नाही, कारण जुनी कॉइलही तेवढ्या वेळात सुधारली असती.

पेट्रोलची वाफ होणे हे दुसरे कारण. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक द्रवांचे मिश्रण आहे, आणि त्यातील हलके घटक ३५ ते ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. यंत्राला चिकटवलेला जुन्या पद्धतीचा ए.सी. पंप, किंवा एक्झॉस्टजवळून गेलेली नळी तापली की आत वाफ होते. पंप द्रव ओढण्यासाठी बनविलेला असतो, वाफ ओढणे त्याला जमत नाही. या दोषाची एक खूण अशी की गाडी बंद केल्यावर पहिली दहापंधरा मिनिटे स्थिती सुधारण्याऐवजी बिघडते. पंखा आणि पाणी यांचे वाहणे थांबते आणि यंत्राच्या पोटातली उष्णता बाहेर येऊन पंपाला भाजते. आपले जुने चालक पंपावर ओले फडके गुंडाळीत असत. तो उपाय तर आहेच, पण उत्तम परीक्षाही आहे. ओल्या फडक्याने गाडी चालू लागली तर दोष वाफेचा. फडके मात्र पंपापुरतेच ठेवावे. तापलेल्या बीडाच्या भागांवर गार पाणी ओतल्यास त्यांना तडा जातो. कायमच्या उपायासाठी पंप आणि यंत्र यांच्यामध्ये, तसेच कार्बोरेटरखाली, उष्णता अडविणारी जाड फायबरची पॅकिंग शाबूत आहे की कोणी दुरुस्तीत काढून फेकली, हे पाहावे. बहुधा ती फेकलेली आढळते.

अलीकडे यात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. परदेशी चलन आणि ऊस उत्पादक या दोन्ही दृष्टींनी या धोरणाचे महत्त्व मी सांगावयास नको. परंतु तंत्रशिक्षकांनी विद्यार्थ्यांना हेही शिकवावे, की एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश इतकीच ऊर्जा असते. कार्बोरेटरला हा बदल ओळखता येत नाही, आणि त्याच जेटमधून मिळणारे मिश्रण थोडे पातळ पडते. तसेच जुन्या रबरी नळ्या व पंपाचा डायफ्रॅम या इंधनासाठी घडविलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, आणि तापल्यावर मऊ नळी ओढीने चपटी होते. इथेनॉलला चालणाऱ्या रबराच्या नळ्या बसविणे हा अल्प खर्चाचा उपाय आहे, तो दोष येण्यापूर्वीच करून घ्यावा.

यंत्राच्या अंतरंगातील कारणांचा उल्लेख थोडक्यात करतो. टॅपेटची फट कमी ठेवली गेली असेल, तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. म्हणून दाबाची चाचणी गरम यंत्रावर घ्यावी आणि सिलिंडरांतील दाबांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत आहे काय ते पाहावे. सायलेन्सरच्या आतील पत्रा सुटून वाट अडली असेल, तर जळलेला वायू बाहेर पडू शकत नाही. रेडिएटर, पंख्याचा पट्टा आणि पाणी यांची पाहणी तर सर्वांच्या आधी व्हावी, आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडील पद्धत मला मान्य नाही. काही यंत्रांत तो काढल्यावर गरम पाणी रेडिएटरकडे न जाता जवळच्या वाटेने यंत्रातच फिरत राहते, आणि जो ताप टाळावयाचा तोच ओढवून घेतला जातो.

डिझेल गाड्यांत ठिणगी नाही, म्हणून अर्धे काम कमी होते. उरलेले अर्धे बहुतांशी पंपात असते. जुन्या जीप व ट्रॅक्टर यांतील फिरता वितरक पंप स्वतः डिझेलवरच वंगण पावतो, आणि त्याच्या आतील भागांतील फट केसाच्या जाडीच्या तुलनेत अत्यल्प असते. तो झिजला की थंड, दाट डिझेल कसेबसे धरून ठेवतो, परंतु डिझेल तापून पातळ झाले की ते आतल्या आत गळते आणि नोझलपर्यंत कमी पोचते. अशी गाडी सकाळी एका चावीत सुरू होते, दुपारी चहासाठी थांबली की सुरू होण्यास नकार देते, आणि चढावर ओढत नाही. येथेही ओल्या फडक्याची परीक्षा लागू पडते. पंप थंड केल्यावर गाडी पटकन सुरू झाली, तर पंप झिजला आहे. मात्र पंपाची तपासणी करणाऱ्या यंत्रावर तेलाचे तापमान साधारणतः ४० अंश ठेवतात, गाडीत ते याहून बरेच वर जाते. 'पंप तपासला, ठीक आहे' या शेऱ्यावर म्हणून आंधळेपणाने विसंबू नये. शिवाय ओढीच्या बाजूने हवा शिरत नाही ना, हे परतीच्या नळीत पारदर्शक तुकडा जोडून बुडबुडे पाहिल्यास समजते.

टर्बो असलेल्या गाड्यांत रबरी नळ्या पाहाव्यात. टर्बोपासून यंत्राकडे जाणाऱ्या नळीला पडलेली चीर थंडपणी मिटलेली असते आणि रबर मऊ झाल्यावर दाबाने उघडते. काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज ही तिची लक्षणे. कॉमन रेल पद्धतीच्या गाड्यांत संगणक स्वतःच तापमान मोजतो आणि यंत्र वाचविण्यासाठी इंधन कमी करतो. तेथे शक्ती घटणे हा रोग नसून सावधगिरी असते, आणि तिचे कारण संगणकात नोंदलेले राहते. दुर्दैवाने गाडी कारखान्यात आल्याबरोबर बॅटरीची तार सोडण्याची सवय अनेकांना आहे. पुष्कळ गाड्यांत तार सोडली की नोंद पुसली जाते. नोंद वाचल्याखेरीज बॅटरीला हात लावू नये, अशी लेखी सूचना प्रत्येक कार्यालयाने द्यावी, असे मी आग्रहाने सुचवितो.

आता अधिकारी मित्रांच्या वाट्याचे काम. आपल्या लॉगबुकात किलोमीटर आणि इंधन यांचे रकाने असतात, पण दोषाच्या नोंदीसाठी बहुधा 'गाडी बिघडली' एवढ्याच शब्दांची जागा असते. चालकाला एक साधी वही द्यावी. गाडी मंदावली तेव्हा ती सुरू होऊन किती मिनिटे झाली होती, तापमानाचा काटा कोठे होता, चढ होता की सपाट, कोणता गिअर, टाकी किती भरलेली, आवाज चढला की बसला की अडखळला, धूर कोणत्या रंगाचा, आणि थांबल्यावर किती मिनिटांनी गाडी सुधारली, एवढे त्याने त्याच जागी लिहावे. अशा तीन नोंदी शेजारी ठेवल्या, तर चांगला कारागीर गाडी न पाहताही दोन-तीन शक्यतांवर येऊन थांबतो. चालक नोंद करीत नाहीत अशी तक्रार असते. माझा अनुभव असा, की त्यांनी लिहिलेले कोणी वाचत नाही, हे त्यांना ठाऊक असते.

दुरुस्तीचे देयक समोर आले म्हणजे त्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा. बदललेला भाग सदोष आहे, हे गाडी गरम असताना कोणत्या परीक्षेने ठरले? 'बदलून पाहिला' हे उत्तर एकदा चालेल. तिसऱ्या वेळी तेच उत्तर आले तर गाडी दुसऱ्या कारागिराकडे पाठवावी, आणि सोबत ती वही द्यावी. तसेच दुरुस्तीनंतरची चाचणी आवारात दोन फेऱ्या मारून घेऊ नये. ज्या रस्त्यावर, ज्या वेळी आणि ज्या भाराने दोष आला होता, त्याच परिस्थितीत गाडी नेऊन मगच ती ताब्यात घ्यावी. रुग्ण नेणारे किंवा मुले नेणारे वाहन असेल, तर या चाचणीत ब्रेकचे ड्रम तपासल्याखेरीज ते सेवेत परत घेऊ नये.

मी बोलावयास उभा राहिलो तेव्हा बाहेर पटांगणात एक जुनी पेट्रोल जीप चालू करून ठेवण्यास सांगितले होते. आतापर्यंत ती पुरेशी तापली असेल. तिच्यात मी सकाळी एक दोष मुद्दाम करून ठेवला आहे. शिक्षक मित्रांनी प्रथम तिच्याजवळ जाऊन केवळ ऐकावे, पाने कोणी हाती घेऊ नयेत. पंचायत सदस्यांपैकी दोघांनी ती ढकलून पाहण्यास पुढे यावे. आपले प्रश्न तेथेच घेऊ.